सादळलेला पुरावा

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (गृह), महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
तसेच
राज्यातल्या सर्व पोलीस ठाण्यांचे मुद्देमाल कारकून

स. न. वि. वि.

मंत्रालयातलं वरचं टेबल आणि ठाण्यातली सर्वांत मागची खोली, असे दोन पत्ते एकाच पत्रावर घातले आहेत. टपाल शाखेला ते खटकेल. पण ज्या गोष्टीबद्दल, म्हणजे ठाण्यांत पडून सादळणाऱ्या पुराव्याबद्दल, लिहिते आहे तिचा खर्च मंजूर करायचा अधिकार पहिल्यांकडे आहे आणि त्या खोलीची किल्ली दुसऱ्यांकडे. मधल्या कुणाच्या हाती पडलं की पत्र 'माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी' पुढे सरकतं आणि तिथेच मुरतं, हे नोकरीत शिकले आहे.

मी शासनाच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळांत विषशास्त्र विभागात तीसेक वर्षं काढली, सहायक रासायनिक विश्लेषक म्हणून निवृत्त झाले. ठाण्यांत आणि कोर्टांत ज्याला 'सीए रिपोर्ट' म्हणतात, तसल्या हजारो कागदांवर माझी सही आहे. त्यांतली एक अजून टोचते.

रात्रीच्या गाडीत शेजारच्या प्रवाशाने एका बाईंना चहा दिला. जाग आली ती सरकारी दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर. मंगळसूत्र आणि पाटल्या गेलेल्या. रक्त घेतलं तोवर बराच वेळ उलटला होता, लघवीचा नमुना कुणी घेतलाच नाही. उरला होता तो पदरावर सांडलेल्या चहाचा डाग. तपासी अंमलदाराने तो हेरला, साडी जप्त केली, रीतसर पंचनामा केला. इथवर चोख. मग ती साडी, पदर अजून पुरता वाळलेलाही नसताना, एका कॅरिबॅगेत कोंबली गेली. वर कापड, कापडावर दोरा, दोऱ्यावर लाख. आमच्याकडे पोचली चौदा महिन्यांनी, मधे एक अख्खा पावसाळा काढून.

पार्सल घेताना आम्ही ठरलेलं वाक्य लिहिलं : सील शाबूत, पाठवलेल्या नमुन्याबरहुकूम. आणि खरंच शाबूत होतं. दोऱ्याला कुणी बोट लावलं नव्हतं. आत मात्र काळी बुरशी होती, आणि चहाचा डाग कुठला नि बुरशीचा कुठला हे ओळखता येईना. काढता येईल तेवढं काढलं, पातळ थराच्या पट्टीवर पाहिलं, मग यंत्रावर पाहिलं. अहवालात लिहिलं, 'गुंगी आणणारे औषध आढळून आले नाही.' वाक्य शब्दशः खरं होतं. पुढे कळलं, आरोपी सुटला. तो दोषी होता असं मी म्हणत नाही. चहात काही नसेलही, बाईंना दुसऱ्या कशाने ग्लानी आली असेल. आमच्या अहवालाने दोन्हींपैकी काहीच सिद्ध होत नव्हतं. कोर्टाने मात्र तो एका बाजूने वाचला, आणि तसा वाचला जाणार हे मला सही करताना ठाऊक होतं.

आमच्या घरी मे महिन्यात वाळवणं व्हायची. पापड, कुरडया, फेण्या. आई त्या खडखडीत वाळल्याशिवाय डब्यात भरू द्यायची नाही, डब्याच्या तळाशी वर्तमानपत्र घालायची आणि श्रावणात कुणी ओल्या हाताने झाकण उघडलं तर त्याची धडगत नसायची. एक कुरडई सादळली की डबाच्या डबा गेला. वाळलेला न्यायवैद्यक नमुना हे वाळवणच आहे. फरक एवढाच की तो उन्हात न ठेवता सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा असतो. बाकी सगळे नियम आईचेच.

वाळवल्याने नमुना टिकतो, यात वाद नाही. रक्तातली औषधं मोडतात ती मुख्यतः पाण्यामुळे आणि पाण्याच्या आधाराने काम करणाऱ्या विकरांमुळे (एन्झाइम्समुळे), जिवाणूंमुळे. पाणी काढून घेतलं की ही सगळी मंडळी बसून राहतात. १९६३ साली अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळाच्या टाचेचं रक्त गाळणकागदावर टिपून फेनिलकीटोनुरिया हा जन्मजात विकार ओळखायची पद्धत मांडली. अर्ध्या इंचाचं एक वर्तुळ, त्यात रक्ताचा एक थेंब, वाळवला की साध्या टपालाने पाठवता येतो. बर्फ नको, बाटली नको. पुढे एचआयव्हीच्या तपासण्यांपासून औषधांच्या मात्रेपर्यंत हा कागद सगळीकडे पोचला, आणि विषशास्त्रातही आला. बेन्झोडायझेपाइन गटातली औषधं, म्हणजे झोपेच्या गोळ्यांतली, कागदावरच्या वाळलेल्या रक्तात साध्या खोलीत महिनाभर बऱ्यापैकी तग धरतात. कोकेनही द्रव रक्तापेक्षा वाळलेल्या थेंबात जास्त सुरक्षित असतं.

पण या सगळ्याला एक अट आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच गळून पडते. तो कागद आडवा, हवेशीर ठेवून निदान तीन तास वाळवायचा असतो. मग घट्ट झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी आणि दमटपणा दाखवणारी पट्टी. पिशवीतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आत राखायची असते. मुंबईत, रत्नागिरीत, पणजीत जुलैची हवा ८५ ते ९० टक्क्यांवर असते. तिथे उघडा ठेवलेला वाळका डाग वाळका राहत नाही. तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि थांबलेली मंडळी पुन्हा कामाला लागतात. आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसरच बंद केलेल्या डागाला तर बाहेरच्या पावसाची गरजच नसते, त्याचा पावसाळा त्याच्या सोबतच बांधलेला असतो.

उष्णतेचा हिशेब वेगळा. रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे, तापमान १० अंशांनी चढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याच्या मे महिन्यात ४५ अंशांत पत्र्याखाली तापणारी खोली आणि २५ अंशांची खोली, यांत निदान चौपटीचा फरक पडतो. तिथे हवा कोरडी असते हे नशीब. म्हणजे कोकणात दमटपणा आणि विदर्भात ताप, असे दोन वेगळे शत्रू आहेत, आणि आपण दोघांसाठी एकच परिपत्रक काढतो.

आता औषधांकडे येते. इथे थोडी रेंगाळणार आहे. ज्यांना रसायनाचा कंटाळा आहे त्यांनी 'वारस' हा शब्द येईपर्यंत नजर फिरवली तरी चालेल.

जुन्या काळी विषप्रयोग म्हटला की सोमल. १८३६ साली जेम्स मार्श यांनी सोमल ओळखायची खात्रीची परीक्षा दिली आणि तेव्हापासून ते विष कुठल्याही प्रयोगशाळेला भीत राहिलं आहे. कारण सोमल हे मूलद्रव्याचं विष, त्याला मोडता येत नाही. डाग वाळो, सडो, जळो, आर्सेनिक आर्सेनिकच राहतं. आपली मुद्देमाल सांभाळण्याची सगळी मानसिकता मला त्या सोमलाच्या काळातली वाटते. वस्तू कुलपात आहे ना, मग ती आहे. पण आज आमच्या टेबलावर येणारी बहुतेक रसायनं सेंद्रिय असतात, आणि ती कुलपाआड बसूनही बदलत असतात.

कोकेन घ्या. त्याच्या रेणूत एस्टरचे दोन सांधे आहेत. एक सांधा नुसत्या पाण्याने, थोडं अल्कधर्मी वातावरण मिळालं की आपोआप सुटतो आणि बेन्झॉइलएक्गोनिन तयार होतं. दुसरा रक्तातलं विकर तोडतं. म्हणून द्रव रक्तात सोडियम फ्लोराइड घालतात, ते विकराला आवरतं. पहिल्या सांध्याला मात्र फ्लोराइडचा धाक नाही. त्याला आवरायला थंडावा, किंचित आम्लता किंवा कोरडेपणा लागतो.

हेरॉइनची गोष्ट याहून नाजूक आहे. शरीरात ते काही मिनिटांत मोनोअॅसिटिलमॉर्फिन होतं आणि त्यापुढे मॉर्फिन. हा मधला पदार्थ सापडला तरच छातीठोकपणे म्हणता येतं की माणसाने हेरॉइनच घेतलं होतं. तो साठवणीत मोडला आणि हाती फक्त मॉर्फिन उरलं, तर बचावाचा वकील उभा राहून विचारतो, कोडीनचं खोकल्याचं औषध घेतलं नसेल कशावरून? प्रश्न रास्त आहे, कोडीनचंही शरीरात मॉर्फिन होतं. जुन्या हेरॉइनच्या पुडीला व्हिनेगरसारखा वास येतो तो याच मोडण्याचा. अॅसिटिल सुटतं आणि अॅसिटिक आम्ल होतं. एवढं नाकाने कळतं, पण पंचनाम्यात वासाची नोंद मी फार क्वचित पाहिली.

झोपेच्या गोळ्या हा आपल्याकडचा मोठा विषय. रेल्वेत बिस्किटांतून, पेढ्यांतून, चहातून ज्या दिल्या जातात त्यांत लोराझेपामसारखी बेन्झोडायझेपाइन्स पुष्कळदा असतात. यांचं एक वलय आम्लात आणि उष्णतेत उघडतं. प्रयोगशाळेत आम्ही हे मुद्दाम करायचो, नमुना आम्लात उकळून बेन्झोफिनोन मिळवायचं आणि ते ओळखायचं. जे आम्ही तासाभरात शेगडीवर करतो ते चहाच्या दमट डागात, तापलेल्या खोलीत, सावकाश होऊ शकतं. नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम या भावंडांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांच्या अंगावरचा नायट्रो गट ओल्या रक्तातले जिवाणू खाऊन टाकतात आणि ७-अमिनो नावाचं रूप मागे राहतं. प्रयोगशाळेने फक्त नायट्राझेपाम शोधलं तर 'आढळून आले नाही.' ७-अमिनो शोधलं तर आढळतं.

उजेडाचं नाव राहिलंच. गोव्यात आणि मुंबईत एलएसडीचे जे रंगीत कागदी तुकडे पकडले जातात, ते जन्मतःच वाळलेले नमुने असतात. तेही इतके सूक्ष्म, की अमली पदार्थांच्या कायद्याने ०.१ ग्रॅम ही त्याची व्यावसायिक मात्रा, म्हणजे जिथून सर्वांत कडक शिक्षा लागते ती, ठरवली आहे. ते उन्हात, ट्यूबलाइटखाली, दमट हवेत ठेवणं म्हणजे हळूहळू पुसून टाकणं. पारदर्शक पाकिटात घालून खिडकीतल्या फळीवर ठेवलेले तुकडे मी स्वतः पाहिले आहेत. छान दिसत होते.

गांज्याचं तर मोजमापच झालं आहे. मिसिसिपी विद्यापीठातल्या रॉस आणि एलसोहली यांनी खोलीच्या साध्या तापमानात, अंधारात ठेवलेला गांजा चार वर्षं तपासला. नशा आणणारं टीएचसी पहिल्या वर्षात सुमारे १७ टक्के घटलं, चौथ्या वर्षाअखेर ४१ टक्क्यांच्या आसपास. ते हवेने हळूहळू कॅनाबिनॉलमध्ये बदलतं, आणि या दोघांच्या प्रमाणावरून गांजा किती जुना हे अदमासता येतं. ही घट अंधारातली आणि वीस-बावीस अंशांतली आहे. आपल्या खोल्यांत काय होत असेल हे कुणी मोजावं अशी माझी फार इच्छा होती. निवृत्तीपर्यंत तो प्रस्ताव टिपणीच्या रूपात फिरत राहिला.

गांज्यात वजनाचीही गोची आहे. व्यावसायिक मात्रा २० किलोंच्या पुढे सुरू होते आणि तिथून शिक्षा किमान दहा वर्षांवर जाते, जामीनही अवघड होतो. २००९ च्या अधिसूचनेने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालाने मिश्रणाचं एकूण वजन धरायचं ठरलं, त्यामुळे टीएचसी घटल्याने मात्रेत फरक पडत नाही. पण पावसात पकडलेला ओला गांजा जप्तीच्या दिवशी समजा २३ किलो भरला आणि खोलीत वाळून १८ वर आला, तर कोर्टात वजन पुन्हा होतं तेव्हा संशय हवालदारावर जातो. पाच किलो गेला कुठे? हवेत गेला, साहेब. पण तो ओला होता असं कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

आता वारसाबद्दल.

मूळ औषध सापडलं नाही तर आम्ही त्याचा वारस शोधतो, म्हणजे ते मोडून जे बनलं ते. कोकेन नाही तर बेन्झॉइलएक्गोनिन, नायट्राझेपाम नाही तर ७-अमिनो. इथपर्यंत चांगल्या प्रयोगशाळा पोचल्या आहेत. खरी अडचण पुढे आहे. बेन्झॉइलएक्गोनिन हे कोकेन घेतलेल्या माणसाच्या शरीरातही बनतं आणि कोकेन असलेल्या वाळक्या डागात, दमट कपाटातही बनतं. पदार्थ तोच, सूत्र तेच. यंत्र दोघांत फरक करू शकत नाही. वारस घरात जन्मला की डब्यात, हे कळायला डब्याचा इतिहास हवा. डाग किती दिवस, कुठे, किती अंशांत, किती दमटपणात होता, कागदात की प्लॅस्टिकमध्ये, वाळल्यावर बांधला की आधीच. हे माहीत असेल तर विश्लेषक ठामपणे काही बोलू शकतो. नसेल तर दोन शक्यता लिहून थांबतो, किंवा (जास्त वेळा) एक शक्यता लिहून मोकळा होतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जुना वाळलेला डाग हट्टी होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन बदलत जातं, लाल डाग तपकिरी पडतो, आणि कागदाच्या किंवा सुताच्या धाग्यात सगळं असं घट्ट बसतं की औषध तिथे असूनही द्रावणात उतरत नाही. म्हणजे ते मोडलेलंही नसतं, निघतही नाही. अशा वेळी आम्ही काढायची रीत बदलतो, जास्त वेळ भिजवतो, वेगळं द्रावक घेतो. पण डाग किती जुना आहे ते कळलं तरच ना.

मग फ्रीज घ्या, असं कुणीतरी लगेच म्हणेल. मंत्रालयातून तेच येतं, कारण फ्रीजची खरेदी करता येते. वाळलेल्या रक्ताच्या कागदाला उणे २० अंशांची पेटी उत्तमच. पण ठाण्यातल्या फ्रीजचं काय होतं ते आपण दोघंही जाणतो. वीज जाते, डब्यांशेजारी नमुने राहतात, आणि थंड पिशवी बाहेर काढून लगेच उघडली की आत घाम सुटतो. तो घामच नमुन्याला नेमका नको असतो. पिशवी बंद ठेवून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, हे ज्याला सांगितलेलं नाही त्याच्या हातात फ्रीज देऊन उपयोग नाही. केसांच्या नमुन्याला तर फ्रीज लागतच नाही. केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतात आणि मागच्या काही महिन्यांची हकीकत अंगावर वागवतात. त्यांना अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून, कागदी पाकिटात, अंधाऱ्या कोरड्या कपाटात ठेवलं की झालं. म्हणून म्हणते, पैसे आधी कोरडेपणावर घाला, थंडाव्यावर नंतर.

कायद्याची बाजू मला पोरकी वाटत नाही, पण एकांगी वाटते. २८ जानेवारी २०१६ च्या मोहनलाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने जप्त अमली पदार्थांच्या साठवणीवर कडक बोट ठेवलं. त्यातली चिंता चोरीची, अदलाबदलीची, थोडं थोडं काढून घेण्याची आहे, आणि ती योग्यच आहे. त्याआधी १९८८ च्या स्थायी आदेशात नमुना ७२ तासांत प्रयोगशाळेकडे रवाना करायला सांगितलं होतं. डिसेंबर २०२२ पासून नवे नियम आले, त्यांत प्रयोगशाळेने १५ दिवसांत अहवाल द्यावा असं आहे. ही सगळी व्यवस्था मुख्यतः पकडलेल्या पुडीचा, पोत्याचा विचार करते. रक्ताचा डाग, ओकारी लागलेला सदरा, चहाचा पदर, ग्लासाच्या तळाशी वाळलेला साखरेचा थर, धोत्र्याच्या बियांचा चुरा लागलेलं फडकं हे सगळं साध्या मुद्देमालाच्या रांगेत येतं, आणि त्या रांगेला ७२ तास कुणी सांगितलेले नाहीत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा, असं कलम १७६(३) सांगतं. फिरत्या व्हॅन आल्या, किट आली. चांगलं आहे. पण याचा अर्थ आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त नमुने जास्त काळजीने गोळा होणार आणि त्याच खोलीत येऊन पडणार. शेतातून निवडून आणलेलं धान्य गळक्या कणगीत भरण्यातला हा प्रकार.

प्रयोगशाळांना मी सोडते आहे असं समजू नका. तिथेही पार्सलं रांगेत महिनोन्‌महिने थांबतात, तीही सगळी वातानुकूलित खोलीत नसतात. आणि अहवालातली आमची भाषा तर सर्वांत मोठा गुन्हेगार. सरकारी तज्ज्ञाचा अहवाल, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २९३ आणि आता नव्या संहितेच्या ३२९ प्रमाणे, परस्पर पुराव्यात वाचला जातो. तज्ज्ञाला बहुतेक वेळा कोर्टात बोलावतच नाहीत. म्हणजे जे कागदावर नाही ते कोर्टात कधीच बोललं जात नाही. मी त्या पदराच्या अहवालात 'पार्सल ओलसर, बुरशीयुक्त. औषध मोडले असण्याची शक्यता नाकारता येत नाही' एवढी एक ओळ लिहायला हवी होती. छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता, ही माझी तेव्हाची सबब. रकान्याच्या बाहेरही लिहिता येतं, हे कळायला निवृत्त व्हावं लागलं.

तर मा. सचिव, आपल्याकडे मागणं असं आहे. प्रत्येक मुद्देमाल खोलीत एक तापमान-आर्द्रतामापक लावा आणि सकाळ-संध्याकाळचे आकडे लिहायला एक वही द्या. हे यंत्र काही शे रुपयांना मिळतं, एका सतरंजीच्या किमतीत. वाळलेल्या नमुन्यांसाठी एक वेगळं, पत्र्यापासून आणि भिंतीच्या ओलीपासून दूर असलेलं बंद कपाट द्या. खाकी कागदाची पाकिटं आणि सिलिका जेल दर पावसाळ्याआधी पुरवा. केशरी रंगाचं, ओल धरल्यावर हिरवं पडणारं घ्या, जुन्या निळ्या-गुलाबीत कोबाल्ट असतं. प्रयोगशाळेला जाणाऱ्या फॉर्ममध्ये चार ओळी वाढवा : नमुना कसा आणि किती वेळ वाळवला, कशात बांधला, कुठे ठेवला, वहीतले सर्वांत चढे आकडे काय. आणि अहवालाच्या नमुन्यात पार्सलच्या आतल्या स्थितीचा रकाना सक्तीचा करा, सील शाबूत असल्याच्या ओळीच्या लगेच खाली.

एक मागणं थोडं मोठं आहे. गुंगीचं औषध दिल्याचा संशय असलेला माणूस ग्रामीण रुग्णालयात येतो तेव्हा फ्लोराइडच्या बाटलीतल्या रक्ताबरोबर गाळणकागदावर चार थेंबही घ्यावेत. भामरागडहून नागपूरला किंवा तोरणमाळहून नाशिकला रक्ताची बाटली थंड ठेवून पोचवणं किती कठीण आहे हे मला सांगायला नको. वाळलेला कागद पाकिटातून जातो. त्यात थेंबभर रक्तामुळे मर्यादा येतात हे मान्य. दारू त्यातून उडून जाते, आणि रक्त पातळ की दाट यावर थेंब किती पसरतो ते ठरत असल्याने मोजमापात फरक पडतो. म्हणून बाटलीच्या जागी नव्हे, बाटलीच्या जोडीला. निवडक दोन-तीन जिल्ह्यांत, त्यांतला एक कोकणातला आणि एक विदर्भातला, वर्षभर करून पाहा. तेच नमुने दोन्ही रीतींनी तपासले तर आपल्या हवेत कुठलं औषध किती टिकतं याचे आपले स्वतःचे आकडे पहिल्यांदा हाती येतील.

आणि कारकून दादा, ताई, आता तुमच्याशी. तुम्हाला बंदोबस्त, वॉरंटं, निर्गतीची पत्रं आणि वर या खोलीचा भार असतो, हे मी ठाण्यांत बसून पाहिलं आहे. परिपत्रक येईल तेव्हा येईल. तोवर ओलं काही आलं तर त्याच दिवशी बांधू नका. तपासी अंमलदाराला सांगून पंखा लावलेल्या, ऊन न येणाऱ्या खोलीत, स्वच्छ कागदावर पसरून वाळू द्या. दोन माणसांचे कपडे एका कागदावर नकोत. घडी घालताना मधे कागद ठेवा, म्हणजे डाग दुसऱ्या जागी उमटत नाही. कापडाला कॅरिबॅग कधीच नको. वाळायला किती वेळ दिला ते स्टेशन डायरीत एका ओळीत लिहा, नाहीतर बचावाचे वकील 'एवढा वेळ मुद्देमाल उघडा का?' म्हणून तुम्हालाच धरतील. फळी भिंतीपासून हातभर पुढे ओढा. मेच्या शेवटच्या आठवड्यात एकदा सगळी पाकिटं बाहेरून हाताने चाचपून पाहा. जे मऊ लागेल ते उघडू नका, पण त्याची नोंद करून साहेबांना सांगा आणि ते प्रयोगशाळेच्या पुढच्या फेरीत आधी पाठवा.

त्या साडीचं सांगायचं राहिलं. तपासणी झाल्यावर उरलेला भाग आम्ही नियमाप्रमाणे पुन्हा सील करून ठाण्याकडे परत पाठवला. बांधताना आमच्या शिपायाने सवयीने प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. मी ती बाजूला ठेवून खाकी कागद मागितला. त्याने विचारलं, "मॅडम, आता काय उपयोग?" मी कागदच घेतला.

आपली,
एक निवृत्त सहायक रासायनिक विश्लेषक